आमच्या साडूंचा हिवाळा

बहरीनमध्ये सहाच्या सहा ऋतू स्वतःच्या घरात, ठरल्या वेळी आणि बिनचूक आणणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझा साडू आहे. बाकी आम्ही सगळे इथं दोन ऋतूंत भागवतो. एक एसी लावायचा आणि दुसरा एसी बंद करून 'हवा काय छान पडलीये' असं एकमेकांना फोन करून सांगायचा. साडूभाऊंना ते पुरत नसे. त्यांना शरद लागे, हेमंत लागे, कडाक्याचा शिशिर लागे, आणि तोसुद्धा बुदैयाच्या हायवेपासून दोन गल्ल्या आत, खजुराच्या बागेला लागून असलेल्या जुन्या भाड्याच्या व्हिलामध्ये. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे ताई म्हणतो. ते थोरले जावई, मी धाकटा, म्हणून ते मला आजतागायत 'अहो धाकटे' अशीच हाक मारतात. पेशानं ते रेफ्रिजरेशनचे इंजिनिअर. मआमीरच्या बाजूला एका मोठ्या शीतगृहात त्यांनी उभी हयात घालवली. जगाच्या पाठीवर कुठूनकुठून आलेली कोंबडी आणि वाटाणे त्यांनी या वाळवंटात गारठवून ठेवले, आणि त्याबद्दल त्यांना कुणी कधी धन्यवाद म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

सगळ्या खुळाचं मूळ होतं एक झाड. फार वर्षांपूर्वी कंपनीनं त्यांना कॉम्प्रेसरचं ट्रेनिंग घ्यायला जपानला पाठवलं होतं. तिथं त्यांनी कॉम्प्रेसर पाहिला की नाही देव जाणे, पण एका डोंगरउतारावर लार्च नावाची झाडं पाहिली. लार्च हे बर्फाच्या मुलखातलं झाड. पानं आपल्याकडच्या सुरूसारखी सुयांची, पण अगदी मऊ. अशा सुयांच्या झाडांनी बारा महिने हिरवं राहायचं असतं, हे तर शाळेच्या पुस्तकातसुद्धा असतं. पण लार्चला ते मान्य नाही. थंडी आली की ते अंगभर पिवळं होतं, सगळ्या सुया गाळतं आणि काटक्या होऊन झोपी जातं. "अहो धाकटे, म्हणजे केवढा विश्वास बघा," साडूभाऊ सांगत, "अंगावरचं सगळं उतरवून ठेवायचं आणि वसंत येईल म्हणून झोपायचं. आपण तर झोपताना मोबाईलसुद्धा उशाशी घेतो." येताना ते बिया घेऊन आले. त्यांची मुलगी तेव्हा चौथीत होती. बियांतली बहुतेक रोपं पहिल्याच उन्हाळ्यात वारली, एक तेवढं टिकलं, आणि त्याचा त्यांनी वामनवृक्ष केला. हातभर उंचीचा, मनगटाएवढ्या बुंध्याचा, उथळ निळ्या कुंडीतला. मुलगी पुढं शिकायला कॅनडात गेली, जिथं लार्च म्हणे रस्त्याच्या कडेला उगवतात. तिनं एकदा तिथल्या झाडाचा फोटो पाठवला आणि लिहिलं, "बाबा, इट्स फ्री हिअर." साडूभाऊ तिच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

आता बर्फातलं झाड बहरीनमध्ये जगवायचं म्हणजे काय चेष्टा आहे का? व्हिलातली सर्वांत चांगली, उत्तरेच्या खिडकीची खोली झाडाला दिली होती. उन्हाळाभर त्या खोलीचा एसी रात्रंदिवस चाले, आणि नवरा-बायको शेजारच्या खोलीत घुरघुरणाऱ्या जुन्या एसीखाली घामाघूम होत. ताई वैतागून म्हणायची, "ह्यांना दुसरी बायको असती तर निदान मी तिच्याशी भांडले तरी असते!" नळाचं पाणी झाडाला चालत नसे, कारण त्यात क्षार. चाले फक्त एसीतून ठिबकणारं पाणी. त्यामुळं त्यांच्या घरी जाताना आम्ही मिठाईचा पुडा कधी नेला नाही. नईममधल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत एसीच्या नळीखाली मी बादली लावून ठेवायचो आणि शुक्रवारी डबे भरून बुदैयाला घेऊन जायचो. दारातच ते डबा उजेडाकडे धरून बघत. "हे हॉलमधल्या एसीचं ना? बेडरूमचं जास्त स्वच्छ असतं. तिथं तळण नसतं." आमच्या बेडरूमची एवढी स्तुती दुसऱ्या कुणी केलेली नाही.

नोव्हेंबर आला की साडूभाऊ शरद आणीत. म्हणजे खोलीतला दिवा दररोज थोडा लवकर मालवायचा, एसीचं तापमान हळूहळू उतरवायचं, आणि चोरपावलांनी वावरायचं. झाड पिवळं धमक झालं की आम्हाला निमंत्रण यायचं, 'रविवारी संध्याकाळी पानगळ आहे, यायचं करा.' आम्ही स्वेटर घालून त्या खोलीत ओळीनं बसायचो. ताई साबुदाणेवडे आणायची. एखादी सुई गळली की साडूभाऊ "वा!" म्हणायचे, आणि आम्हालाही म्हणावं लागायचं. शेजारचे एक बहरीनी आजोबा एकदा या समारंभाला आले. भारी भला माणूस. त्यांनी झाडाकडे पाहिलं, साडूभाऊंकडे पाहिलं, आणि हळूच त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "खलास?" साडूभाऊ घाईघाईनं म्हणाले, "नो खलास! स्लीप! स्लीप!" आजोबा मान हलवत "इंशाल्ला" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून दुःखात पाठवतात तसा जेवणाचा भलामोठा थाळा आला. तो आम्ही सगळ्यांनी मिळून संपवला.

सगळ्या सुया गळल्या की शिशिर. शिशिर असे फ्रीजमध्ये. घरातल्या दुसऱ्या फ्रीजचे सगळे कप्पे काढून तिथं झाड उभं राही. कुंडी काळ्या पिशवीत गुंडाळलेली, बुंध्याला ओलसर फडकं, आणि वर नुसत्या काटक्या. त्या फ्रीजच्या दारात दही चाले, लोणी चाले, पण फळ म्हणून चालायचं नाही. पिकत्या फळातून कसलासा वायू निघतो आणि झोपलेले कोंब त्यानं मरतात, असं ते सांगत. मी एकदा नकळत चार सफरचंदं आत ठेवली, तर हा सभ्य माणूस माझ्यावर असा ओरडला की माझं धाबंच दणाणलं. त्यांच्या त्या गारव्याबद्दल त्यांना एक वेगळाच अभिमान होता. म्हणायचे, "मी जन्मभर थंडी तयार केली हो, पण ती खरी आहे की खोटी हे सांगणार कोण? माणसाला एसीत फसवता येतं. कोंबडी तर मेलेलीच असते. या झाडाला मात्र फसवता येत नाही. ते जागं झालं की समजायचं, आपली थंडी खरी."

आणि मग फेब्रुवारीअखेर कुंडीबदल! एक वर्षाआड हा सोहळा असे. काटक्यांवरच्या गाठी फुगून त्यांच्या टोकाशी हिरव्याचा नुसता भास झाला, की त्याच आठवड्यात कुंडी बदलायची. आधी नाही, नंतर नाही. त्या आठवड्यात नातेवाइकांपैकी कुणी आजारी पडलेलं त्यांना खपत नसे. अंगणात चटई पसरून ते झाड कुंडीतून अलगद उपसायचे, चायनीज हॉटेलातून जमवलेल्या काड्यांनी मुळं विंचरायचे, लांबलेली मुळं कात्रीनं छाटायचे. मग चाळलेली खडी आणि फुटक्या कौलांचा चुरा घालून त्याच काडीनं तो मुळांच्या फटींत ढोसायचा, कुंडीच्या भोकांतून तार ओवून झाड घट्ट बांधायचं. माझी नेमणूक तार धरण्यावर. "कुंडीतलं झाड तहानेनं कमी मरतं आणि लाडानं जास्त मरतं," असं ते म्हणत. त्यावर ताई आतून ओरडायची, "आणि कुंडीबाहेरची माणसं?"

गेल्या वर्षी साडूभाऊ साठ वर्षांचे झाले. साठ म्हणजे नोकरी संपली, व्हिसा संपला, जूनमध्ये पुण्याला परत. झाड काही बरोबर नेता येणार नव्हतं. मातीसकट झाड विमानात न्यायचं तर कागदपत्रांचा डोंगर, आणि त्यातून ते मे-जूनच्या उन्हात विमानतळावर अडकून पडलं तर एका दिवसात संपलं असतं. सगळा विचार करून त्यांनी एके दिवशी मला बाजूला घेतलं. "अहो धाकटे, झाड तुम्हाला देऊन जाणार आहे. नाही म्हणू नका." मी म्हटलं, "आत्ताच घेऊन जातो, त्यात काय?" तर म्हणाले, "छे छे! झोपलेलं झाड कुणाला देऊ नये. अजून एकदा माझ्या हातानं कुंडी बदलू दे, एकदा उठलेलं बघू दे. मग न्या." हे ऐकल्यावर मी एसीच्या बिलाचा विषय गिळला.

साठीशांत करायची म्हणून जानेवारीत आमच्या सासूबाई सांगलीहून आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच परदेश. कापराच्या वड्या, पंचा, हळदकुंकू, दर्भ, सुपाऱ्या, सगळं त्यांनी बांधून आणलं होतं. झाडाबद्दल त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ताईला वाटलं माझ्या बायकोनं सांगितलं असेल, माझ्या बायकोला वाटलं ताईनं. दोघी बहिणींचं सगळं आयुष्य असंच चाललंय. शांतीला गुरुजी सांगितले होते. आमचे गुरुजी शनिवार ते गुरुवार एका शिपिंग कंपनीत कागदपत्रं बघतात आणि शुक्रवारी सोवळं नेसतात. होमाच्या समिधा ते मुंबईहून येणाऱ्या कुणा ओळखीच्याबरोबर मागवणार होते. माणूस आला, पण त्याची ब्याग मस्कतला गेली. इकडे साडूभाऊ आंघोळीला गेलेले, अंगणात विटा रचलेल्या, पाहुणे येऊ लागलेले, आणि गुरुजी घड्याळाकडे बघत उभे. "समिधा मफी? नाहीतच? अहो मग होम कशाचा करू? थर्मोकोलचा?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागलो. एवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून पदर खोचत आल्या आणि म्हणाल्या, "समिधांचं काय घेऊन बसलात? थोरल्या जावयांनी फ्रीजमध्ये जपून ठेवल्यात की! कालच पाहिल्या मी, लोणी काढताना. केवढा विचारी माणूस बाई!" मी तेव्हा अंगणात विस्तवाच्या मागे होतो. खरं सांगायचं तर मी 'फ्रीज' हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात काहीही पेटलं नाही. ताई शालू नेसत होती, बायको तिच्या निऱ्या धरत होती. पाच मिनिटांत सासूबाई ताट घेऊन आल्या. वीत वीत लांबीच्या, नीट मोडलेल्या काटक्या, वर तुपाची वाटी. गुरुजींनी एक उचलून डोळ्यांजवळ धरली. "गाठी गाठी दिसतायत. आघाडा आहे का?"

"असेल."

"असेल म्हणजे?"

"घरातलं आहे, शुद्ध आहे. जावयांनी काय वाटेल ते ठेवलं असेल का?"

"यल्ला, बसा मग," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी आचमनाला सुरुवात केली.

साडूभाऊ रेशमी सोवळं नेसून पाटावर बसले. नव्या नवरदेवासारखे लाजत होते. काटक्या ओल्या होत्या, धूर असा मनस्वी झाला की हातातलं धड दिसेना. मी फाईलच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. गुरुजी एकेका ग्रहाचं नाव घेत, साडूभाऊ एकेक काटकी तुपात बुडवून अग्नीत सोडत आणि मनापासून "स्वाहा" म्हणत. मध्येच थांबून त्यांनी डोळे मिटले आणि एक मोठा श्वास घेतला. "वा गुरुजी! काय वास आहे हो! थेट डोंगरात बसल्यासारखं वाटतंय. कुठून आणल्या समिधा?" गुरुजी मंत्रात होते, त्यांनी नुसता हात वर केला. साडूभाऊंना वाटलं, देवाकडून.

जेवणं झाली, पाहुणे गेले. चारच्या सुमाराला मी उरलेलं श्रीखंड ठेवायला दुसऱ्या फ्रीजकडे निघालो, तर साडूभाऊ आधीच दार उघडून उभे होते. रोज या वेळी ते आतला पारा बघायचे. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. काळी पिशवी होती, फडकं होतं, बुंधा होता. वर सगळी मोडकी खुंटं. फक्त मागच्या बाजूला, फ्रीजच्या भिंतीला टेकलेली एक बारकी फांदी वाचली होती, सासूबाईंचा हात तिथवर गेला नव्हता म्हणून. साडूभाऊंनी आपला उजवा हात नाकाशी नेला आणि बोटांचा वास घेतला. तूप, राख आणि तो डोंगरातला वास. तेव्हा त्यांना कळलं. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात मागून सासूबाई आल्या. दिवसभर राबून दमलेल्या, पण चेहरा नुसता फुललेला. "पुरल्या हो समिधा! तुम्ही ठेवल्या होत्यात म्हणून निभावलं, जावईबापू. नाहीतर माझ्या लेकीच्या घरची शांत अडली असती." मी डोळे मिटून घेतले. चार सफरचंदांवरून मला फाडून खाणारा माणूस तो. पण साडूभाऊंनी फ्रीजचं दार हळूच लावलं, वळले आणि म्हणाले, "हो आई. बरं झालं तुम्हाला सापडल्या. त्यासाठीच ठेवल्या होत्या." सासूबाई समाधानानं आत गेल्या. त्या गेल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "धाकटे, हे त्यांना कधीही कळता कामा नये. आईंनी हौसेनं केलंय सगळं. काही बोलू नका हं." मी मान हलवली. माझ्या हातातलं श्रीखंड पातळ होऊन गेलं होतं.

मग सुरू झालं वाट पाहणं. साडूभाऊंचं जेवण कमी झालं. त्या एका फांदीवर आणि बुंध्यावर त्यांचा सगळा भरवसा. फेब्रुवारीअखेर त्यांनी झाड बाहेर काढलं. गाठी फुगल्यात की नाही हे भिंगातून बघूनही नक्की सांगता येईना. तरी ते म्हणाले, "वरचा भार गेलाय, खालची मुळंही तेवढी कमी करायला हवीत. कुंडी बदलू या." शुक्रवारी सकाळी अंगणात चटई पडली. सासूबाई शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. झाड पिशवीतून निघालं तशी त्यांची निवडणारी बोटं थांबली.

"हे काय हो?"

"वामनवृक्ष आहे, आई. जुनं झाड. जरा छाटणी केलीये."

"बरीच छाटलीत की."

"लार्चला सोसते," साडूभाऊ खाली मान घालून म्हणाले आणि मुळं विंचरू लागले. सासूबाई त्या खुंटांकडे बघत राहिल्या. मुळं छाटून झाली, खडी भरून झाली, मी तार धरली. पाणी घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी मेथी बाजूला सारली आणि झारी आपण होऊन हातात घेतली. "मी घालते," म्हणाल्या. साडूभाऊ म्हणजे कुणाला झारीला हात लावू न देणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी घालू दिलं.

त्यानंतर सासूबाई रोज सकाळी आंघोळ करून झाडाच्या खोलीत जाऊ लागल्या. स्वेटर घालून, पदर डोक्यावरून घेऊन उभ्या राहायच्या. कुंडीच्या कडेला एक दिवस हळदकुंकू दिसलं. खतसुद्धा गाळून घालणाऱ्या साडूभाऊंनी ते तसंच राहू दिलं. मार्च अर्धा सरला तरी झाड ढिम्म. मुलीनं व्हिडिओ कॉलवर बघून म्हटलं, "बाबा, इट्स जस्ट अ स्टिक नाऊ," आणि मग त्यांचा चेहरा पाहून तीच रडायला लागली. शेवटी त्यांनी मला फोन करून सांगितलं, "धाकटे, तुम्ही सुटलात बहुतेक." मला खरंच भडभडून आलं. एवढी वर्षं मी त्या झाडाची टिंगल केली होती, आणि आता नईमच्या गॅलरीत एसीखाली मी दोन दोन बादल्या लावत होतो.

एका सकाळी आम्ही बुदैयाला नाश्त्याला गेलो होतो. साडूभाऊ दाढी करत होते, ताई पोहे परतत होती. झाडाच्या खोलीतून सासूबाईंची हाक आली. हाक कसली, आरोळीच! "जावईबापू! अहो लवकर या! हिरवं आलं!" साडूभाऊ अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून धावले. त्या एकट्या फांदीच्या टोकाला मुगाच्या मोडाएवढा हिरवा झुबका फुटला होता, आणि खाली नुसत्या बुंध्यातून दुसरा. साडूभाऊ मटकन खाली बसले आणि साबणासकट रडू लागले. सासूबाईही रडत होत्या. आम्हाला वाटलं, जावई रडला म्हणून त्या रडतायत. ताईचे पोहे खाली लागले, ते आम्ही तसेच खाल्ले.

एप्रिलमध्ये सासूबाई परत निघाल्या. साडूभाऊ ट्रॉली आणायला गेले तेवढ्यात त्यांनी मला विमानतळाच्या खांबाआड ओढलं. "धाकटे जावई, एक सांगते. त्या समिधा कसल्या होत्या ते मला कळलंय."

मी गारच पडलो. "कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? कुंडी बदलताना मोडलेली टोकं बघितली मी. माझ्या हातची मोड मला ओळखू येत नाही होय? लेकरासारखं वाढवलेलं झाड मी त्यांच्याच हातानं जाळायला लावलं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आणि ह्या माणसानं मला शब्दानं दुखवलं नाही. एवढं जपलंय मला, तर आता मला कळलंय हे त्यांना कळता कामा नये. वाईट वाटेल त्यांना. काही बोलू नका हं." तेवढ्यात साडूभाऊ ट्रॉली ढकलत आले. त्यांनी वाकून नमस्कार केला, आणि सासूबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढलाच नाही. साडूभाऊ मला नंतर गाडीत म्हणाले, "आईंना बिचाऱ्यांना काही पत्ताच नाही, बरं झालं."

जूनमध्ये साडूभाऊ पुण्याला गेले. झाड आता आमच्याकडे आहे. आम्ही नवरा-बायको हॉलमध्ये झोपतो. पुण्याहून सांगली काही लांब नाही, दोघांची गाठ सणावाराला पडतेच. तेव्हा झाडाबद्दल खूप बोलतात म्हणे, त्या एका दिवसाबद्दल मात्र चकार शब्द काढत नाहीत. काल यंदाची पहिली सुई गळली. मी फोटो पाठवला, तसे दोघांचे दोन वेगळे फोन आले. दोघांनी झाडाचीच चौकशी केली, आणि फोन ठेवताना साडूभाऊ म्हणाले, "आईंना काही बोलू नका हं," आणि सासूबाई म्हणाल्या, "त्यांना काही बोलू नका हं." मी दोघांनाही 'नाही बोलणार' म्हटलं.